शंभराची रेघ

आमच्या घरचा मीटर पडवीत आहे. दाराच्या डाव्या अंगाला, जिथं पूर्वी कंदिलाची खुंटी होती, तिथंच. आई तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावते, तुळशीला हात जोडते आणि मग चष्मा चढवून त्या मीटरपुढं जाऊन उभी राहते. आकडा मोठ्यानं वाचते आणि कालनिर्णयावरच्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिते. दुधाचं मापही त्याच चौकोनात असतं. दूध वर, मीटर खाली, म्हणजे गफलत होत नाही. रीडिंग घेऊन गेलेल्या दिवसापासून तिचा महिना सुरू होतो. मधेच कधीतरी ती बोटांवर वजाबाकी करते आणि स्वयंपाकघरातून आवाज देते, "त्रेपन्न झालं गं. अजून बारा दिस हायती. हात आवरा."

शंभराच्या आत राहायचं, हा आमच्या घरचा नेम आहे. एकादशी चुकली तर आई द्वादशीला काहीतरी करून सावरून घेईल, पण शंभराची रेघ ओलांडली की दोन दिवस तिचं जेवणात लक्ष नसतं.

मी पुण्यात हिशेबनिसाचं काम करते. आकड्यांशी रोजचा संबंध. तरी घरच्या वीजबिलाचा कागद मी वर्षानुवर्षं नीट वाचला नव्हता. रक्कम बघायची आणि मोबाइलवरून भरून टाकायची. तो वाचायला बसले 2024 च्या मे महिन्यात. दादाचा फोन आला, 168 युनिट पडलेत आणि आई कुणाशी बोलत नाही. आदल्या फेब्रुवारीत आमचे 93 झाले होते. मी शुक्रवारी रात्री स्वारगेटहून कऱ्हाडची एसटी धरली, तिथून सकाळी पाटणला येऊन पुढं वडापनं घर गाठलं.

त्या वर्षीच्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांना युनिटमागे 4 रुपये 71 पैसे वीज आकार होता. 101 ते 300 पर्यंत 10 रुपये 29 पैसे. त्यावर प्रत्येक युनिटला 1 रुपया 17 पैसे वहन आकार, म्हणजे वीज आपल्या दारापर्यंत आणून सोडायची हमाली. सिंगल फेजला महिन्याला 128 रुपये स्थिर आकार, मग दिवा लावा नाहीतर घराला कुलूप लावून मुंबईला जा. आणि या सगळ्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क, ते सरकारच्या तिजोरीत जातं. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो म्हणून तो बाजूला ठेवला आणि मी जुन्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. 93 युनिटांचे होतात 783 रुपये. 168 चे होतात 1,735. युनिट वाढले 75, पैसे वाढले 952.

आईची समजूत होती की शंभर ओलांडले की सगळेच युनिट महाग दरानं लागतात. गावात बऱ्याच जणांची हीच समजूत आहे. मी तिला दळणाचं उदाहरण दिलं. पहिली पायली एका दरानं दळून दिली, दुसऱ्या पायलीला गिरणीवाल्यानं दर वाढवला, पण पहिल्या पायलीचे पैसे काही तो नव्यानं मागत नाही. तसं पहिले शंभर शंभराच्याच दरानं राहतात. त्या शंभरातलं एक युनिट तेव्हा शुल्कासकट 6 रुपये 82 पैशांना पडत होतं, आणि एकशेएकावं 13 रुपये 29 पैशांना.

आईनं कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला. "म्हंजे दुप्पटच की. मग रेघ हायच."

तिचं खरं होतं. माझा हिशेब बरोबर होता आणि तिची भीतीही बरोबर होती.

त्या रात्री जेवणं आवरल्यावर आम्ही दोघी मीटरपुढं पाट टाकून बसलो. त्या मीटरवर एक लाल टिकली आहे, ती सारखी लुकलुकते. खाली बारीक अक्षरात 3200 लिहिलेलं आहे. टिकली 3200 वेळा लुकलुकली की एक युनिट झालं, असा त्याचा अर्थ. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिनं असं पाहिलं माझ्याकडं, जणू इतकी वर्षं घरात राहणारा मुका माणूस बोलायला लागला होता. तिनं दादाला घरातलं सगळं बंद करायला लावलं. मग एकेक वस्तू चालू करायची, मी मोबाइलवर मिनिट लावायचं आणि तिनं मोजायचं. ओटीवरचा जुना पंखा: मिनिटाला चार. म्हणजे 75 वॅट, बारा तास फिरला तर महिन्याला 27 युनिट. वहिनीची इस्त्री: जवळजवळ सेकंदाला एक, मोजता मोजता आईचं बोट चुकलं. मोरीतला एलईडी बल्ब: दोन मिनिटांत एकदा. तो बल्ब कुणी चालू ठेवला की आई ओरडायची. महिनाभर रात्री पाच-पाच तास जळला तरी त्याचं दीड युनिटसुद्धा होत नाही. पूर्वी तिथं साठचा गोळा होता, तो तेवढ्याच वेळात नऊ युनिट खायचा. 2015 ला उजाला योजनेत हे नऊ वॅटचे बल्ब आले, हळूहळू सत्तर रुपयांपर्यंत उतरले, आणि खेड्यातल्या घरांचे सात-आठ युनिट दर खोलीमागे वाचले. आमच्यासारख्यांच्या बिलावर गेल्या वीस वर्षांत एवढा उपकार दुसऱ्या कशानं केलेला मला आठवत नाही.

मग देव्हाऱ्यातला शून्याचा बल्ब. तो रात्रभर असतो. आई म्हणाली, "त्यो सोड, त्यो शून्याचा हाय." मी तो चालू ठेवून मिनिट लावलं, टिकली लुकलुकली. आई गप्प झाली. शून्याचा म्हणतात, पण तो पंधराएक वॅट घेतो. जुन्या चकतीच्या मीटरला एवढी बारीक वीज नीट मोजता येत नसे, म्हणून त्याचं नाव शून्य पडलं असं म्हणतात. आताचा मीटर सगळं टिपतो. रात्रभराचे महिन्याला साडेचार युनिट. टीव्हीच्या डब्याचंही तसंच, टीव्ही बंद केला तरी डबा जागाच. दहा वॅटनं चोवीस तास, महिन्याला सात युनिट, आणि ते कुणी बघितलेल्या एकाही मालिकेचे नाहीत.

हे सगळं मिळूनही 75 चा खड्डा भरत नव्हता. शेवटी फक्त फ्रीज चालू ठेवला. मिनिटाला सहा. थांबेल म्हणून वाट बघत बसलो. फ्रीज थंड झाला की त्याचा घरघराट थांबतो, टिकली निजते, असं व्हायला हवं. पाऊण तास झाला. भाचा पाटावरच झोपला. टिकली थांबेना. आई उठली, फ्रीजच्या दारावर हात फिरवत गेली आणि खालच्या कोपऱ्याशी तिचा हात थबकला. "हितनं गार वारं येतंय गं." मी वहीचं पान दारात धरून दार लावलं आणि ओढलं, पान अलगद बाहेर आलं. दाराचं रबर सैल झालं होतं. महिनोन् महिने फ्रीज आमच्या स्वयंपाकघराला गारवा देत होता. न थांबता चालणारा तो फ्रीज महिन्याला ऐंशीच्या घरात युनिट खात होता, एरवी त्याला तेहेतीस-पस्तीस पुरतात. राहिलेला खड्डा दुसऱ्या पंख्यानं आणि सुट्टीला आलेल्या पाहुण्यांनी भरला.

रबर कऱ्हाडला मिळालं. दादानं दुसऱ्या दिवशी बसवलं. रात्री फ्रीज गपगार झाला तेव्हा आई अंधारात मीटरपुढं उभी होती, त्या निजलेल्या टिकलीकडं बघत.

इथवर ही चार पैसे वाचवल्याची गोष्ट आहे आणि अशी गोष्ट सांगायला कुणालाही आवडतं. पण रविवारी पहाटे मला जाग आली ती धुरानं. परसात आई चुलीपुढं बसली होती. चुलीवर पाण्याचं पातेलं, हातात फुंकणी. ओलसर लाकूड पेटत नव्हतं. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता. ती फुंकायची, खोकायची, पदरानं डोळे पुसायची, पुन्हा फुंकायची. घरात गॅस आहे, पण गॅसवर फक्त चहा आणि कालवण. अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर. दादानं चार वर्षांपूर्वी आणलेली पाणी तापवायची कॉईल फडताळात कागदात गुंडाळून ठेवलेली आहे. ती पाहुणे आले की निघते.

मी तिथंच उंबऱ्यावर बसून मनात मांडणी केली. पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायची तर साधारण 0.35 युनिट लागतं. चार माणसं, चार बादल्या, दिवसाला 1.4. महिन्याला 42 युनिट. आमचे मुळातले 93. त्यात 42 मिळवले की 135. त्या बेचाळीसातले सात स्वस्तातले, पस्तीस महागातले. मिळून 513 रुपये. आईची पहाटेची ही एक घटका, तिचे डोळे, तिचा खोकला, आणि त्याआधी जानेवारी ते मे डोंगरातून आणलेल्या मोळ्या, या सगळ्याची किंमत आमच्या घरानं कधी मोजलीच नव्हती. कारण ती बिलावर येत नाही. बिलावर येणारे 513 रुपये मात्र सगळ्यांना दिसले असते.

आमच्याकडं पाऊस दांडगा. मिरग निघायच्या आत लाकूडफाटा, शेणी, सगळ्याची बेगमी करून ठेवावी लागते. ऐन, किंजळ, करवंदीच्या वाळक्या जाळ्या, जे मिळेल ते. आई आता मोळी डोक्यावर घेत नाही, गुडघे बोलतात. ते काम वहिनीकडं गेलं आहे. वहिनी पदवीधर आहे. तीही शंभराच्या आत राहण्यासाठीच डोंगर चढते. शंभरची रेघ मीटरवर नसते. ती घरातून जाते, स्वयंपाकघर आणि परस यांच्या मधून. रेघेच्या अलीकडं वीज, पलीकडं बाईचं अंग. जे काम अलीकडं बसत नाही ते सगळं पलीकडं ढकललं जातं: पाणी तापवणं, वाटण, धुणं. मिक्सर आहे, पण चटणी पाट्यावर. धुण्याचं यंत्र वाडीत दोघांकडं आहे, त्यातल्या एकीनं त्यावर भरतकामाचं कापड घालून वर फुलदाणी ठेवली आहे.

तो पाटा बघताना मला एकच गोष्ट खुपत होती. हा तालुका विजेचा तालुका आहे.

कोयना धरण आमच्या पाटण तालुक्यात. 1962 साली कोयनेची वीज सुरू झाली. धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला जातं, पोफळीच्या बाजूला डोंगराच्या आत कोरलेल्या वीजगृहात कोसळतं आणि मग वाशिष्ठीला मिळून कोकणात उतरतं. चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह मिळून क्षमता 1,960 मेगावॅट. सगळी जनित्रं पूर्ण ताकदीनं फक्त एक तास चालली तर 19 लाख 60 हजार युनिट होतात. आमच्यासारख्या एकवीस हजार घरांचा महिना एका तासात भागतो. आणि ही वीज नेमकी कधी लागते, तर संध्याकाळी. कोळशाचं केंद्र असं पटकन वरखाली करता येत नाही. कोयनेचं पाणी सोडलं की काही मिनिटांत जनित्र फिरतं. म्हणून साऱ्या महाराष्ट्रात दिवेलागण झाली, शहरातली वातानुकूलन यंत्रं, उद्वाहनं, दुकानांच्या पाट्या एकदम पेटल्या की कोयनेवर भार येतो. त्याच घटकेला माझी आई चष्मा चढवून मीटरपुढं उभी असते.

आईचं माहेर त्या पाण्याखाली आहे. ती चार-पाच वर्षांची होती. माहेरचे काहीजण रायगडात वसले, काही सोलापूरकडं. आईचे वडील जनावरं घेऊन वरच्या अंगाला सरकले आणि डोंगरातच राहिले. तिला त्या घराचं फारसं काही आठवत नाही. एक जोत्याचा दगड, शेजारी फणस, आणि सामान हलवल्यावर मागं राहिलेली चूल. "चूल कशी उचलणार? ती तशीच ठिवली. तिच्यावरनं पाणी गेलं." एवढंच सांगते. डोंगरातल्या त्या नव्या घरात दिवा लागायला मात्र पुढं बरीच वर्षं जावी लागली. ती लग्न होऊन आली तेव्हा माहेरी अजून चिमणीच होती.

पुढं वारा आला. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा मी शाळेत होते. भलीमोठी पाती वाहून नेणारे ट्रेलर घाटात वळायला तासन् तास घेत, आणि आम्ही पोरं रस्त्याच्या कडेला बसून बघत असू. आमच्या अंगणातून रात्री पठारावरचे त्यांचे लाल दिवे दिसतात. पाणी झालं, वारा झाला. तालुक्यातल्या तारा घाटावरून खाली गेल्या.

माझी दहावी 2005 ची. त्या वर्षांत भारनियमन दिवसाला बारा-बारा तासांवर गेलं होतं. महावितरण तेव्हा नुकतंच वेगळं झालं होतं, 6 जून 2005 ला वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. आम्हाला त्याचं काय. लाइट गेली की गेली. भूमितीची प्रमेयं मी चिमणीपुढं पाठ केली, नाकपुड्या काळ्या व्हायच्या. पिठाची गिरणी रात्री अकराला सुरू व्हायची आणि बायका डोक्यावर डबे घेऊन टॉर्चच्या उजेडात रांगेत उभ्या राहायच्या. पुढं गावठाणाचे फीडर, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या वाहिन्या, शेतीच्या फीडरपासून वेगळे झाले, म्हणजे शेतीची वीज बंद ठेवली तरी घरात दिवा राहू लागला. हे काम कागदावर रूक्ष वाटतं, पण माझ्या मते खेड्यातल्या संध्याकाळी बदलल्या त्या यामुळं. 2012 च्या डिसेंबरात गळती आणि थकबाकी जास्त असलेले फीडर सोडून राज्य भारनियमनमुक्त झालं. आता आमच्याकडं पावसाळ्यात झाड पडलं तर वीज जाते, एरवी असते. आज प्रश्न विजेच्या असण्याचा राहिलेला नाही. वीज दारात येऊन उभी आहे आणि आई तिला आत घ्यायला घाबरते.

शेजारच्या काकूंचं बिल त्याच सुट्टीत माझ्याकडं आलं. काकू एकट्या. मुलगा वाशीला मार्केटमध्ये माथाडी आहे. घरात दोन बल्ब, एक पंखा, मोबाइल. 22 युनिट. त्यांनी विचारलं, "एवढं कशाचं आलं गं?" मी मांडून पाहिलं. वीज आणि वहन मिळून 129 रुपये. स्थिर आकार 128. त्यावर शुल्क. एकूण 299 रुपये. एका युनिटाला साडेतेरा रुपये पडले. आमच्या त्या उधळलेल्या मे महिन्यात, फ्रीज गळत असताना, आम्हाला युनिट सव्वादहाला पडलं होतं. वाडीत सगळ्यांत कमी वीज जाळणारी बाई युनिटाला सगळ्यांत जास्त पैसे मोजते, हे मी दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा तेच आलं. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना वर्षाला 360 युनिटांच्या आत वेगळा, पुष्कळ स्वस्त दर आहे. पण काकूंच्या जोडणीला तो लागू नाही. त्या गरीब आहेत, यादीत नाहीत.

खांब, तारा, डीपी, वायरमन यांचा खर्च वीज वापरली नाही तरी होतोच, म्हणून स्थिर आकार असतो. हे मला कळतं, मी हिशेबाचंच काम करते. तरी 22 युनिटांच्या घराला आणि 300 युनिटांच्या घराला तो एकच असावा, हे मला पटत नाही. खेड्यापाड्यांत आता अशी एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं किती आहेत हे आमच्या वाडीत एक फेरी मारली तरी कळतं. पंचवीस उंबऱ्यांपैकी नऊ घरांना कुलूप, सहा घरांत एकेक माणूस. शेतातल्या साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल 2024 पासून सरकार भरतं, ते चांगलंच झालं. पण काकूंना शेत नाही, पंप नाही. त्यांच्याकडं दोन बल्ब आहेत.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मान्याचीवाडीचं नाव सगळीकडं झालं. आमच्याच तालुक्यातलं गाव, ढेबेवाडीच्या अंगाला. राज्यातलं पहिलं सौरग्राम. गणपतीला घरी गेले तेव्हा दादाच्या मोटारसायकलवरून मी आणि आई बघायला गेलो. घरोघरी छपरावर निळसर काळी तावदानं, पावसानं धुऊन लखलखीत. आई एका अंगणात उभी राहिली आणि तिथल्या बाईंना तिनं पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा नाही. "अंगुळीचं पाणी कशावर तापिवता?"

त्या बाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही, दादा मला पॅनेलची दिशा दाखवत होता. परत येताना आई घाटभर गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, आपल्या पडवीच्या पत्र्यावर दिवसभर ऊन असतं.

एक किलोवॅटचा संच सरासरी दिवसाला चारेक युनिट देतो. आमच्या पावसात चार महिने कमी, उन्हाळ्यात जास्त. जास्तीची वीज तारेत जाते आणि बिलात वजा होते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30 हजार रुपये अनुदान आहे, दोनला 60 हजार, तीनला 78 हजार. उरलेले पैसे मी आणि दादा मिळून घालणार होतो. महिन्याला एकशेवीस युनिट छपरावरून आले तर शंभराची रेघ आमच्या घरापुरती पुसली जाते. स्थिर आकार राहील, तो राहू दे. बेचाळीस युनिटांचं पाणी तापेल.

अर्ज भरायला बसलो आणि लक्षात आलं की मीटर आजोबांच्या नावावर आहे. आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली. वडील मुंबईत माथाडी होते, तेही गेले. इतकी वर्षं बिल आजोबांच्या नावानं येत राहिलं आणि भरलं जात राहिलं. खेड्यात हे इतकं नेहमीचं आहे की पोस्टमन, दुकानदार, कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. पण अनुदानाचा अर्ज ज्याच्या नावाची जोडणी त्यानंच करायचा. नाव बदलणं आलं. दादाचं नाव लावायचं असं गृहीत धरून मी कागद मांडत होते: मृत्यूचे दाखले, घरपट्टीचा उतारा, वारसांची संमती.

दादा म्हणाला, "आईचं लाव."

आईनं मान वर केली नाही. ती तांदूळ निवडत होती. चाळीस वर्षं हा मीटर तिनं सांभाळला. वडील मुंबईला असताना बिलाचे पैसे पदराच्या गाठीला बांधून ती चालत जाऊन भरून यायची, मुदतीच्या आत भरलं की सूट मिळते म्हणून कधी उशीर केला नाही. घरपट्टीवर तिचं नाव नव्हतं, सातबाऱ्यावर वडिलांच्या पश्चात इतर वारसांबरोबर आलं. रेशनकार्डावर होतं. "माझं कशाला," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "लागंल का पण?"

लागलं. मधे दोन महिने गेले, एकदा सही चुकली, एकदा फोटो जुना म्हणून परत आला. मी ऑनलाइन बिल घ्यायचं सुचवलं होतं, त्यात दर बिलाला दहा रुपयांची सवलत मिळत होती. दहा रुपये सोडायचे म्हणजे आईला जड. तरी ती नको म्हणाली. तिला कागद हवा होता.

दिवाळीनंतर तो आला. मी घरीच होते. वायरमनचा मुलगा सायकलवरून बिलं वाटत आला आणि त्यानं ओट्यावर ठेवून दगड ठेवला. आईनं हात पुसले, चष्मा आणला. वरच्या कोपऱ्यात नाव होतं, आधी तिचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तिनं अक्षरावर बोट ठेवत ठेवत वाचलं. एकदा मला दाखवून विचारलं, "बरोबर लिवलंय न्हवं?" मी म्हटलं, बरोबर आहे. मग तिनं बोट खाली सरकवत नेलं, मागचं रीडिंग, चालू रीडिंग, आणि युनिटाच्या रकान्याशी थांबली.

अठ्ठ्याऐंशी.

ती उठली, भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेली आणि पेन्सिलीच्या आकड्यांची वजाबाकी पुन्हा एकदा करून बघितली.